कृपेच्या घंटा

"काढा! अजून एक ढेप काढा!"

तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध छताच्या हुकाला भलामोठा तराजू टांगला होता. दांडीला झेंडूच्या माळा इतक्या गुंडाळल्या होत्या की लाकूड दिसतच नव्हतं. डाव्या पारड्यात अशोक मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. उजव्या पारड्यात गुळाच्या ढेपा होत्या.

सुंदरी नावाची स्वामींची शिष्या एकेक ढेप उतरवत होती. प्रत्येक ढेपेला लोक हुंकार भरत होते. शेवटी दांडी सरळ झाली. गेल्या रविवारपेक्षा गूळ कमी लागला होता.

"बघा, बघा!" तुलास्वामी ओरडले. त्यांचं खरं नाव वेंकटरमण. मुंबईत माटुंग्याला काही वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठी यायचं, पण मोडकंतोडकं. "डॉक्टर काय सांगतो? पळ! जिम काय सांगतो? उचल! मी काय सांगतो? बस! नुसता बस! तुमचा पोट, माझा जबाबदारी!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. सुंदरीने अशोकच्या पारड्याच्या साखळीला एक पितळी घंटा अडकवली. दर आठवड्याला एक. तिला कृपेची घंटा म्हणायचे. अशोकच्या साखळीला अशा बऱ्याच घंटा लटकत होत्या. खाली उतरताना त्याने तांब्याचं कडं घातलेला हात उंच केला आणि त्याची बायको रुचिरा त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू तो नुकताच नवरदेव झाला होता.

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अनंतरावांनी मान फिरवली. घंटा बघवत होती, गूळ बघवत होता. रुचिराचं ते बघणं बघवत नव्हतं.

अनंतराव आणि अशोक एकाच कारखान्यात होते, इरुंगाट्टुकोट्टैला. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथे. अनंतराव तपासणी विभागात, अशोक स्टोअर्समध्ये. रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसायचे. बसायचे म्हणजे अशोक खिडकीशी, आणि अनंतरावांचा अर्धा देह बाकाबाहेर, वाटेत. दोघांचीही पोटं सारखी सुटलेली. कारण दोघांच्या संध्याकाळी सारख्या. कामावरून आलं की सरकारी दुकानातून दारूची बाटली, अशोकच्या गच्चीवर बैठक, सोबत मिरचीची भजी, तळलेले मासे, शेंगदाणे. रुचिरा बडबडायची. अनंतरावांच्या घरी त्यांची बायको अर्चना बडबडायची.

मग अर्चना गेली. ताप साधा वाटला होता, साधा निघाला नाही. तिचे दिवसवार झाल्यावर अनंतराव एका संध्याकाळी गच्चीवर गेले, ग्लास हातात घेतला आणि ठेवून दिला. घरी गेल्यावर नाक मुरडणारं कोणी नव्हतं. ओरडणारं कोणी नाही म्हटल्यावर त्या पेल्याची चवच गेली होती. तेव्हापासून त्यांनी प्यायची सोडली. कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात अशोकने तुलास्वामींकडून कडं घेतलं होतं. अट एकच: एक मंडलम, म्हणजे दीड महिन्याच्या वर, कडं हातात असेपर्यंत दारूचा थेंब चालणार नाही. तमिळ माणसाला यात नवं काही नसतं. मंडलमचं कुठलंही व्रत घ्या, दारू आधी सुटते. पण महाराष्ट्रातून आलेल्या या मंडळींना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, काम करतं ते कडं, दारू न पिणं म्हणजे आपलं औषधाबरोबरचं पथ्य.

दोघंही उतरत गेले. बाकावर दोघं नीट मावायला लागले. पण लोकांचे डोळे बघा. अशोकला बसमध्ये चढताना टाळ्या. "काय अशोक, कॉलेजात जातोस की काय?" रुचिराने त्याला नवा पट्टा आणला, नवे शर्ट आणले. आणि अनंतरावांना बघून लोक आवाज खाली करायचे. "खंगले हो बिचारे. बायको गेल्यापासून अन्न जात नाही."

अन्न जात होतं. स्वतः भात लावून, सांबार करून ते दोन्ही वेळा व्यवस्थित जेवत होते. तीच दारू सुटली होती, तेवढंच पोट गेलं होतं. एकाचा झाला चमत्कार, दुसऱ्याचा झाला शोक. अनंतराव मनात म्हणायचे, माझ्या ढगळ झालेल्या पँटकडे बघून "अहो, हे काय!" म्हणणारं माणूस घरात असतं, तर मीसुद्धा हात वर करून फिरलो असतो.

त्यांना अशोकचा हेवा वाटायचा. त्याच्या पोटाचा नाही, त्याच्या घरात पेटलेल्या दिव्याचा. बस संध्याकाळी वेलचेरीला आली की अशोकच्या खिडकीत उजेड असायचा. त्यांच्या खिडकीत तो त्यांनी जाऊन लावायचा.

मंडलम संपलं आणि स्वामींची पंचाईत झाली. व्रत संपल्यावर पुरुषमंडळी कडी परत आणून द्यायला लागली. वजन उतरलं ते ठीक, पण जन्मभर कोरडं राहायचं म्हणजे फारच झालं. तेव्हा एका रविवारी स्वामींनी जाहीर केलं:

"आता कडा जागा झाला! आता तुम्ही पिला तरी तुम्ही पीत नाही. कडा पितो!"

हॉलमध्ये इतका आनंद झाला की देवालाही हेवा वाटावा. कृपेच्या घंटा त्या रविवारपासून सुरू झाल्या.

त्याच संध्याकाळी अशोकने अनंतरावांना गच्चीवर ओढून नेलं. "या हो. कडं पितंय, मी नुसतं तोंड देतोय."

अनंतरावांनी लिंबू सोडा घेतला. शेजारच्या फ्लॅटमधल्या सकवारबाई कपडे काढायला आल्या होत्या. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली बाई. तिचं मराठी आजोबा-पणजोबांच्या काळचं, चाल मात्र तमिळची.

"काय रे पा अशोका, पुन्हा आरंभ केलास?"

"अक्का, मी नाही. हे कडं पितं."

सकवारबाईंनी कड्याकडे निरखून पाहिलं. "कडं पितें, तर कडं लठ्ठ कां होत नाही रे?"

अनंतराव कित्येक दिवसांनी मोठ्याने हसले. अशोक चिडला.

आठवडे गेले. दर रविवारी गूळ कमी लागत होता, घंटा वाढत होत्या. पण सोमवारी सकाळी बसमध्ये अनंतरावांना काहीतरी वेगळंच कळत होतं. ते पुन्हा बाकाबाहेर सरकत होते. आधी एक मांडी, मग अर्धं अंग. त्यांची स्वतःची पँट तर कमरेवर राहत नव्हती. मग त्यांना ढकलतंय कोण?

"अशोक, जरा सरक."

"सरकू कुठे? खिडकीबाहेर?"

"तू पुन्हा सुटलायस."

"सुटलोय? काल तराजूवर बघितलंत ना? हॉलभर माणसांनी बघितलं!"

"तराजूचं तराजूला माहीत. माझ्या मांडीला जे कळतंय ते सांगतोय."

अशोकने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या-मागच्या बाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "जळता तुम्ही माझ्यावर. माझं चांगलं झालेलं बघवत नाही तुम्हाला."

बसमधल्या माना वळल्या. अनंतराव बाकावरून उठले आणि उरलेला रस्ता उभ्याने गेले, कारण ते खरंच होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी रुचिरा त्यांच्या दारात आली. हातात डब्यात भाजी होती, पण ती भाजी द्यायला आली नव्हती.

"भाऊजी, कंपनीच्या दवाखान्यातल्या दिव्यश्री मॅडमनी यांची सोनोग्राफी करून घेतली. लिव्हर सुजलंय. म्हणाल्या, आधी सुधारत होतं, आता पुन्हा बिघडलं. असंच चाललं तर परत फिरायची वाट राहणार नाही."

"मग अशोक काय म्हणतो?"

"म्हणतात, मशीन चुकलं. दर रविवारी हलका होतोय तो माणूस आजारी कसा? मलाही तेच वाटतं, भाऊजी. तराजू कसा खोटं बोलेल? मी डोळ्यांनी बघते ना." तिने डब्याचं झाकण उगाच दाबलं. "पण मॅडम खोटं कशाला बोलतील?"

ती गेल्यावर अनंतरावांनी डबा ओट्यावर ठेवला. तिला भीती वाटत होती. कोणासाठी तरी वाटत होती. त्यांना त्या भीतीचासुद्धा हेवा वाटला. आणि मग स्वतःचा राग आला. एका घरातला दिवा विझल्यावर घर कसं होतं हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या घरात तसं होऊ देणं त्यांना जमणार नव्हतं.

तराजू खोटं बोलतो का? तपासणी विभागात हा प्रश्न रोज पडतो. दोन पारड्यांच्या काट्याचा संशय आला, की त्यावर एक फार सोपी परीक्षा असते. इकडची वस्तू तिकडे ठेवायची, तिकडची इकडे. काटा खरा असेल तर दांडी सरळच राहते.

आता त्यांना आठवलं की माणूस कायम डाव्याच पारड्यात बसतो. स्वामींचं वाक्यच होतं: "डावा पारडा देहाचा, उजवा देवाचा!"

रविवारी अशोकचं वजन झालं. दांडी सरळ झाली, सुंदरीने घंटा आणली. तेवढ्यात अनंतराव गर्दीतून पुढे आले.

"स्वामी, एक विनंती आहे. आता गूळ डावीकडे ठेवा आणि अशोकला उजवीकडे बसवा."

स्वामींचं हसू जागच्या जागी थांबलं. "उजवा देवाचा पारडा. त्यात माणूस बसला तर पाप."

"मग तर बरंच. अशोकवर देवाची कृपा आहे, तर देव घेईल की मांडीवर."

काही लोक हसले. पारड्यातून अशोक ओरडला, "झालं यांचं सुरू! ऐकू नका हो. जळतात हे माझ्यावर!"

"हो, जळतो," अनंतराव म्हणाले. "तू सगळ्यांना आवडतोस, तुला बघून घरी कोणीतरी खूश होतं, म्हणून जळतो. माझ्यासारख्या जळणाऱ्या माणसाची खात्री पटली, तर तुझ्या कड्याची केवढी शोभा वाढेल बघ. बस तिकडे. का भीती वाटते?"

"यह अविश्वासी है!" स्वामी घाईघाईने हिंदीत गेले. "हा माणूस दुःखात आहे, याची बुद्धी..."

मागून सकवारबाईंचा खणखणीत आवाज आला. आधी त्या तमिळमध्ये बोलल्या, मग मराठी मंडळींसाठी मराठीत. "आमच्या तंजावरीं देवळांत मी शंभरदां तुलाभार पाहिला. पोर रडूं लागलें, तर जें पारडें जवळ त्यांत बसवितात. देवास डावें-उजवें ठाऊक नाही पा! यांच्याच तराजूस कां ठाऊक?"

आता तमिळ लोकही हसले. "उक्कार वैंग!" कोणीतरी ओरडलं, म्हणजे बसवा त्याला.

सुंदरी अडवायला दांडीला हात लावून उभी राहिली. पण ज्याने निर्णय घ्यायचा तो अशोकच होता, आणि तिथे त्याची श्रद्धाच स्वामींना नडली. "बसतो की!" तो खाली उतरला. "मला कसली भीती? स्वामी, होऊन जाऊ द्या. कायमचं तोंड बंद करू यांचं."

दोघातिघांनी ढेपा उचलून डावीकडे ठेवल्या. मोजायला नको होत्या, त्याच ढेपा होत्या. अशोकने कड्याला हात लावला, डोळे मिटले आणि देवाच्या पारड्यात बसला.

पारडं धाडकन जमिनीवर आदळलं. पलीकडचा गूळ वर उसळला, एक ढेप घरंगळत पहिल्या रांगेतल्या बाईच्या पदरात गेली. सगळ्या घंटा एकदम वाजल्या.

"अजून गूळ टाका," अनंतराव म्हणाले.

टाकला. अशोक हलला नाही. आणखी टाकला. हॉलमध्ये होता नव्हता तेवढा गूळ डावीकडे गेला, तरी अशोक जमिनीवरच मांडी घालून बसलेला. त्याने डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा गर्दीत हरवलेल्या मुलासारखा झाला होता.

"एका मिनिटात एवढा जाड झालास होय?" कोणीतरी म्हणालं. त्यावर मात्र फार कोणी हसलं नाही.

अनंतरावांनी दांडीवरच्या झेंडूच्या माळा ओढून काढल्या. दांडीच्या मध्यावर, तराजू छताच्या हुकाला टांगायची कडी अडकवायला एक खाच होती. ती रिकामी होती. तिच्या बाजूला, डाव्या पारड्याच्या दिशेने, आणखी खाचा होत्या आणि कडी शेवटच्या खाचेत होती. मधल्या खाचेपासून जेमतेम चार बोटं.

"ही बघा कृपा," ते म्हणाले. "चार बोटांची. सी-सॉवर पोरं खेळताना बघता ना? जो टोकाला लांब बसतो तो जड पडतो, मधे सरकतो तो हलका. दर आठवड्याला कडी माणसाच्या बाजूला थोडी सरकवायची. माणसाची बाजू आखूड झाली की थोडा गूळही त्याला पुरा पडतो. अशोक हलका होत नव्हता. त्याच्या बाजूची दांडी कमी होत होती."

"आणि घंटा?" रुचिराने विचारलं. ती कधी पुढे आली ते कळलं नव्हतं.

"कडी सरकवली की रिकामा तराजू गुळाच्या बाजूला कलतो. लोकांना लगेच दिसलं असतं. मग तो सरळ दिसावा म्हणून या बाजूला वजन बांधायला हवं. कडी एक खाच सरकली, की एक घंटा. तुम्ही ज्यावर टाळ्या वाजवत होता, ते लबाडी झाकायचं वजन होतं."

स्वामींनी हात वर केले. "अविश्वासी माणूस हात लावला, तराजू बाटला! पुढच्या रविवारी शांती करू, सगळा ठीक होईल!"

आणि सांगायला वाईट वाटतं, पण निम्मे लोक माना डोलावत हातात तांब्याची कडी घालूनच घरी गेले. स्वामी मात्र शांती करायला थांबले नाहीत. तराजू गुंडाळून निघून गेले. कोणी म्हणतं, आता एन्नोरकडे आहेत. तिथे कसली कृपा वाटतात, कळलं नाही.

सोमवारी अशोक आणि अनंतराव कंपनीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर दिव्यश्रींनी त्यांना कोपऱ्यातल्या साध्या काट्यावर उभं केलं. त्याला ना माळा होत्या, ना घंटा. अशोक जवळजवळ होता तिथे परत आला होता. अनंतराव मात्र उतरलेलेच होते.

"पण मॅडम, आधी मी खरंच उतरलो होतो," अशोक म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "तेव्हा तरी कड्याने काम केलं ना?"

"तुम्ही दोघं एकत्र प्यायचात?"

"हो."

"एकाच आठवड्यात सोडलीत?"

"हो."

"दोघंही उतरलात?"

अशोकने अनंतरावांकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. "हो की."

"मग यांच्या हातात कोणतं कडं होतं?"

अशोक मनगटातलं कडं फिरवायला लागला.

"कड्याने काहीच केलं नाही," मॅडम म्हणाल्या. "दारूतल्या अल्कोहोलमध्ये वजनाला वजन जवळजवळ तुपाएवढी ऊर्जा असते. पोट भरत नाही, पण अंगावर चढते. शरीर आधी दारू निपटत बसतं, तोवर खाल्लेलं तसंच साठतं. त्यात ती भजी, ते तळलेले मासे. ते सगळं बंद झालं, वजन उतरलं. पुन्हा सुरू झालं, चढलं. सगळ्यांचं सारखंच उतरेल असं नाही, पण जे उतरलं ते कशाने, हे तुमच्यासमोर उभं आहे. आता सोडा, पण माझ्या देखरेखीखाली. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात कापतात, कधी त्याहून वाईट होतं. तसं काही वाटलं तर कड्याकडे नाही, माझ्याकडे यायचं. लिव्हर अजून ऐकेल. फार वेळ नाही ऐकणार."

संध्याकाळी बसमध्ये अशोक खिडकीशी बसला, अनंतराव अर्धे बाकाबाहेर. बस सुटली. मग अशोकने कडं काढून खिशात टाकलं.

"मला वाटलं तुम्ही झुरताय," तो म्हणाला.

"झुरतोय तर. पण जेवतोयसुद्धा."

"दीड महिना मी प्यायलो नाही, अनंतराव. भावाच्या मुलाच्या बारशाला भाऊ आग्रह करत होता, तरी नाही. तेव्हा वाटायचं, कडं अडवतंय."

"कडं कसलं अडवतंय? तू अडलास. स्वतःच्या बळावर केलेलं काम तू तांब्याच्या तुकड्याच्या नावावर लिहून दिलंस. म्हणून तर तो तुकडा पी म्हणाला आणि तू प्यायलास."

एवढीच या गोष्टीची मेख आहे. फसवणारा माणूस आपल्याला काही देत नाही. आपल्याच हातून झालेलं चांगलं काम तो उचलतो आणि आपल्यालाच विकतो. एकदा ते त्याचं आहे असं आपण मानलं, की त्याच्या शब्दावर आपण ते मोडूनही टाकतो. म्हणून कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एक करा. इकडचं तिकडे ठेवून बघा. आणि ज्याच्या हातात कडं नाही, त्या माणसाकडेही एकदा बघा.

बस वेलचेरीला थांबली. रुचिरा खाली उभी होती, सकवारबाईंशी बोलत. अशोकला बघून ती हसली नाही, फक्त त्याच्या रिकाम्या मनगटाकडे बघून तिने श्वास सोडला. मग तिची नजर मागून उतरणाऱ्या अनंतरावांवर गेली. त्यांनी एका हाताने पँट वर धरली होती.

"अहो, हे काय भाऊजी!" ती म्हणाली. "केवढी ढगळ झालीय! उद्या द्या मला, टाके घालून आवळून देते. आणि आज जेवायला इकडेच या."

अनंतरावांनी नुसती मान हलवली. वर बघितलं तर अशोकच्या खिडकीत दिवा होता, त्यांच्या खिडकीत अंधार. तो हेवा होता तिथेच होता. पण त्या संध्याकाळी ते आधी अंधाराकडे गेले नाहीत.